ऑफिस अवर्स : प्राध्यापकांचं दार उघडं असतं, तरी विद्यार्थी आत का जात नाहीत?

अमेरिकेतल्या विद्यापीठात सत्र सुरू झालं की प्रत्येक विषयाचा सिलॅबस मिळतो. त्यात पुस्तकांची यादी, परीक्षांच्या तारखा, गुणांची विभागणी असते. सोबत एक छोटी ओळही असते. उदाहरणार्थ, 'ऑफिस अवर्स : मंगळवार, दुपारी २ ते ४'. महाराष्ट्रातून तिथे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला ही ओळ बुचकळ्यात टाकू शकते. या वेळेत सर ऑफिसमध्ये काम करत असतील, म्हणजे त्यांना त्रास द्यायचा नाही, असा तिचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात अर्थ नेमका उलटा आहे.

ऑफिस अवर्स म्हणजे काय?

प्राध्यापकांनी आठवड्यातले काही ठरावीक तास विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवलेले असतात. बहुतेक वेळा अपॉइंटमेंटही लागत नाही. मोठ्या वर्गांमध्ये टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवण्यात मदत करणारे पदव्युत्तर किंवा पीएचडीचे विद्यार्थी, वेगळा वेळ देतात. वर्गात न समजलेला भाग, असाइनमेंटमधली अडचण, पुढचं शिक्षण, संशोधनाची संधी असं काहीही तिथे विचारता येतं.

मग अडचण कुठे आहे?

समाजशास्त्रज्ञ अँथनी जॅक यांनी 'द प्रिव्हिलेज्ड पुअर' या २०१९ च्या पुस्तकात यावर बोट ठेवलं आहे. प्राध्यापक ऑफिस अवर्स कधी आहेत ते सांगतात, पण ते कशासाठी आहेत हे सांगत नाहीत, असं त्यांचं म्हणणं आहे. जॅक यांनी एका नामवंत विद्यापीठातल्या गरीब घरच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी जे शिष्यवृत्तीवर चांगल्या खासगी शाळांत शिकले होते, ते प्राध्यापकांशी सहज बोलायचे. साध्या सरकारी शाळांतून आलेले मात्र लांब राहायचे. गरिबी दोघांकडेही होती. फरक सवयीचा होता.

यात नुकसान फक्त शंकांचं होत नाही. शिफारसपत्र किंवा प्रोजेक्टची संधी देताना ओळखीचा विद्यार्थी आधी आठवतो. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज, तोच दाराबाहेर राहतो.

प्राध्यापकांना काय करता येईल?

- या वेळेत काय विचारता येतं, हे पहिल्याच तासाला उदाहरणांसह सांगावं. काही प्राध्यापकांनी नाव बदलून 'स्टुडंट अवर्स' केलं आहे.
- सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाला पाच-दहा मिनिटांसाठी एकदा बोलवावं. पहिली भेट झाली की दुसरी सोपी जाते.
- वेळ दुसऱ्या लेक्चरला किंवा नोकरीच्या शिफ्टला आड येणारी नसावी. एखादा स्लॉट ऑनलाइन ठेवावा.
- एकट्याने यायला संकोच वाटत असेल, तर दोघा-तिघांना एकत्र येऊ द्यावं.

विद्यार्थ्यांनी कशी तयारी करावी?

'सर, काहीच समजलं नाही' असं म्हटलं की उत्तर देणं अवघड होतं. 'या उदाहरणात तिसऱ्या पायरीपर्यंत जमलं, पुढे अडलं' असं सांगितलं तर दहा मिनिटंही पुरतात. वही किंवा कोड सोबत न्यावा आणि दोन-तीन प्रश्न लिहून ठेवावेत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गर्दी होते, म्हणून आधीच जावं. शंका नसेल तर विषयाबद्दलचं कुतूहल हेही जाण्याचं पुरेसं कारण आहे.

भारतात अशी सोय आहे का?

नियमात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पूर्णवेळ शिक्षकाने रोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध असणं आवश्यक आहे. पदवी अभ्यासक्रमांसाठी त्यातले किमान २ तास विद्यार्थ्यांच्या मेंटॉरिंगसारख्या कामांसाठी धरले आहेत. अनेक महाविद्यालयांत मेंटॉर-मेंटी योजनाही असते.

पण वेळ कागदावर असून भागत नाही. स्टाफरूमच्या दाराशी 'आत येऊ का?' म्हणत घुटमळणाऱ्याला समोर पाच-सहा प्राध्यापक बसलेले दिसले, की तो बऱ्याचदा मागे फिरतो. शिवाय तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना बसायला स्वतःची जागा असेलच असं नाही. अशा वेळी नोटीस बोर्डवर किंवा वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वार, वेळ, जागा आणि 'शंका विचारायला या' एवढं स्पष्ट लिहिलं, तरी सुरुवात होऊ शकते. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.