फेअरपोर्ट कन्व्हेन्शन : १९६९ चे वर्ष

ब्रिटिश लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाची चर्चा 'लीज अँड लीफ' (१९६९) या ध्वनिमुद्रिकेपाशी थांबतेच. २००६ मध्ये बीबीसी रेडिओ २ च्या श्रोत्यांनी तिला सर्वाधिक प्रभावी लोकसंगीत-ध्वनिमुद्रिकेचा मान दिला. पण 'पुनरुज्जीवन' या शब्दाने तिच्यातले काहीतरी निसटते, असे मला वाटत आले आहे.

१९६७ मध्ये लंडनच्या मझवेल हिल भागातील 'फेअरपोर्ट' नावाच्या घरात तालमी करणारी ही तरुण मंडळी आरंभी अमेरिकन वळणाची गाणी गात. १२ मे १९६९ रोजी पहाटे, बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून परतताना, त्यांच्या व्हॅनला अपघात झाला. त्यात १९ वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लँबल आणि गिटारवादक रिचर्ड थॉम्प्सनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन यांचा मृत्यू झाला. त्यानंतर जुनी गाणी पुन्हा वाजवणे कोणालाच नको होते.

मंडळी हॅम्पशायरमधील फार्ली चेंबरलेन येथे एका घरात उन्हाळाभर राहिली. फिडलवादक डेव्ह स्वॉरब्रिककडे परंपरेचे ज्ञान होते. अ‍ॅश्ली हचिंग्ज सेसिल शार्प हाउसच्या ग्रंथालयात संहिता धुंडाळत होता. म्हणजे 'लोक' आले ते बरेचसे छापील पानांतून! अर्थात केवळ अपघातानेच त्यांना परंपरेकडे वळवले असे नव्हे. 'अ सेलर्स लाइफ' हे अकरा मिनिटांचे पारंपरिक गीत त्यांनी आधीच ध्वनिमुद्रित केले होते. शिवाय 'द बँड'चे अमेरिकन मातीतले संगीत ऐकून 'आपले असे काय?' हा प्रश्नही पडला होता.

तरी 'टॅम लिन' किंवा 'मॅटी ग्रोव्ह्ज' ऐकताना जाणवते की ज्यांना स्वतःविषयी बोलणे अशक्य झाले आहे, त्यांना ही कर्ता नसलेली गीते आधार देत आहेत. कथनगीतातला निवेदक खून, शाप, वियोग सारे तटस्थपणे सांगतो. सँडी डेनीही तसेच गाते. आठांपैकी तीन रचना मात्र नव्या आहेत. त्यांपैकी शेवटची 'क्रेझी मॅन मायकेल' थॉम्प्सनने लिहिली, चाल स्वॉरब्रिकची. एक माणूस कावळा मारतो आणि ती त्याचीच प्रिया निघते. या गीताला थेट चरित्र म्हणून वाचणे मला भाबडेपणाचे वाटते. पण जुना साचा हाती आला नसता तर ते लिहिले गेले असते का, ही शंका राहतेच.

ध्वनिमुद्रिका डिसेंबरात बाजारात येण्यापूर्वीच फूट पडली. हचिंग्जला अधिक परंपरा हवी होती. त्याने 'स्टीलआय स्पॅन' काढली. डेनीला स्वतःची गाणी लिहायची होती; तिने 'फॉदरिंगे'.