टिळकांचे दुसरे स्थित्यंतर

रावेरला आमच्यासारखी ख्रिस्ती घरे मोजकीच. त्यामुळे रविवारी पहाटे पॅसेंजर गाठायची, निंभोरा, सावदा मागे टाकत तापीचा पूल ओलांडायचा आणि भुसावळला उपासनेस हजर व्हायचे, हा माझ्या बालपणीचा नेम होता. पाळकसाहेबांचे प्रवचन फारसे कळत नसे; पण रेव्हरंड ना. वा. टिळकांचे भजन सुरू झाले की वडिलांचा आवाज सगळ्यांच्या वर चढे. त्या आवाजालाच मी श्रद्धा समजत होतो.

तिशीच्या आसपास हा नेम सुटला. कोणाशी भांडण झाले नव्हते. प्रार्थनेतले शब्द ओठांवर येत, मात्र त्यांना माझी संमती उरलेली नाही, हे हळूहळू ध्यानात आले इतकेच. वडिलांनी एकदाच विचारले, "प्रभूला सोडलंस का रे?" मी गप्प राहिलो. पुढे वडील गेले. उत्तर द्यायचे राहूनच गेले.

त्यानंतर वर्गात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिकवताना हा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. टिळकांचे चरित्र आपण एका तारखेभोवती रचतो : १० फेब्रुवारी १८९५, मुंबईत झालेला त्यांचा बाप्तिस्मा. ब्राह्मण घरातला हा कवी ख्रिस्ती झाला, पत्नीची ताटातूट झाली आणि काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही ती वाट धरली. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत मात्र आधी मनातली जातिभेदाची भिंत पडली. बाप्तिस्मा त्यानंतर आला. श्रद्धा एका दिवसात बदलत नाही, याचा याहून प्रांजळ दाखला मराठीत क्वचितच सापडेल.

टिळकांचे दुसरे स्थित्यंतर मात्र आपण विसरतो. १९१७ मध्ये, दोन तपांहून थोड्या कमी काळानंतर, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. तुकोबांच्या अभंगवाणीतून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. साहजिकच परक्या साच्यातली मंडळी त्यांना अपुरी वाटू लागली. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार बाळसे धरण्याआधीच ओसरला.

हे प्रथम वाचले तेव्हा मला हायसे वाटले. वडिलांना द्यायचे उत्तर सापडले, असेच वाटले : संस्था सोडणे म्हणजे प्रभूला सोडणे नव्हे. परंतु हे उत्तर माझे नव्हते. टिळक बाहेर पडले ते भक्ती मावेना म्हणून. मी बाहेर पडलो ते भक्ती उरेना म्हणून. दोन्ही उंबरठे सारखे दिसले तरी त्यांची कारणे उलटी आहेत. थोरांच्या बंडाचा आडोसा आपल्या संशयाने घेऊ नये.

मग माझ्यासारख्याला टिळकांच्या अंगणात जागा कोठे? याचे उत्तर अनपेक्षितपणे खानदेशातच मिळाले. धरणगावात जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली. हा तरुण कवी पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी काही काळ राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला माया लावली. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि म्हणून त्या घरात परकाही ठरला नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात त्याचा अंत झाला.

भुसावळहून जळगावकडे निघाले की हे भादली लागते. आजही तेथून जाताना ते घर आठवते : भजने रचणारा यजमान, त्याच पंगतीत जेवणारा आणि आपल्याच धुंदीत निसर्गाकडे पाहणारा पाहुणा. वडिलांनी आज तोच प्रश्न विचारला, तर मी म्हणेन, "आण्णा, प्रभूविषयी मला खात्रीने काही सांगता येत नाही. पण तुमचे भजन लागले की मी अजून उठून जात नाही."

त्यांना ते पुरले असते का, कोण जाणे. निदान ते खरे असते.