गर्भिणीची विश्रांति : उपचार आणि हक्क

अकालीं प्रसूतीचें भय असलेल्या स्त्रीस अंथरुणावर निजवून ठेवावें कीं हिंडूं-फिरूं द्यावें, हा वाद वैद्यांचा; इतिहाससंशोधकास त्याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु विश्रांति या एकाच शब्दाखालीं दोन निराळ्या गोष्टी चालत आल्या आहेत. त्यांची गल्लत झाली तर सास्तूरसारख्या गांवच्या शेतमजूर स्त्रीचें नुकसान होतें, असें आम्हांस वाटतें.

पहिली विश्रांति उपचाराची. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत, गर्भिणीस रक्तदर्शन झाल्यास तिला मऊ व थंड शय्येवर, डोकें किंचित् सखल ठेवून, निजवावें असें सांगितलें आहे. विसाव्या शतकांत पाश्चात्य वैद्यांनींही अकालप्रसूति टाळण्यासाठीं शय्येचाच आश्रय घेतला. पुढें या उपचाराची परीक्षा झाली. एकच गर्भ असलेल्या 1,266 स्त्रियांची तुलना केली असतां, सदतीस आठवड्यांपूर्वीं प्रसूत झालेल्यांचें प्रमाण निजवून ठेवलेल्यांत शेंकडा 7.9 व इतरांत 8.5 आढळलें; म्हणजे लाभ सिद्ध झाला नाहीं. उलट दीर्घकाळ पडून राहिल्यानें रक्त गोठण्याचें भय वाढतें व स्नायु क्षीण होतात. 2012 सालीं अमेरिकेंतील प्रसूतितज्ज्ञांच्या प्रमुख संस्थेनें हा उपचार सरसकट सांगूं नये असें जाहीर केलें.

दुसरी विश्रांति कष्टांतून सुटकेची. 1928 सालीं मुंबई कायदेमंडळांत प्रसूतिविधेयकावर बोलतांना, प्रसूतीपूर्वीं मातेस विश्रांति मिळणें राष्ट्राच्या हिताचें आहे, असें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं प्रतिपादिलें. 1929 सालीं कायदा झाला व कारखान्यांतील स्त्रीस रजेबरोबर रोख भत्ता मिळूं लागला. आज लोहारा तालुक्यांत असलेलें सास्तूर त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें; हा कायदा तेथें पोंचलाच नाहीं. पोंचता तरी खुरपणी-कापणी करणारी बाई कारखान्यांत थोडीच होती! 1948 सालीं हैदराबाद संस्थान विलीन झालें, 1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, 1961 सालीं प्रसूतिलाभाचा अखिल भारतीय कायदा झाला. पण तोहि नोकरीशीं बांधलेला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानें मात्र नोकरीची अट न घालतां गर्भिणीस साहाय्य मान्य केलें. 2017 पासूनच्या मातृवंदना योजनेंत, पहिल्या अपत्याच्या वेळीं, 5,000 रुपये ठेवले गेले. बुडालेल्या मजुरीची कांहीं भरपाई होऊन मातेस विश्रांति मिळावी, हा त्यांतील हेतु स्पष्ट आहे.

ही सुटका निरर्थक नव्हे. पुण्याजवळील सहा गांवांतील 797 गर्भिणींच्या, 2003 सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, अधिक श्रम करणाऱ्या स्त्रियांचीं बाळें वजनानें कमी भरलीं. हा पुरावा बाळाच्या वाढीचा आहे, प्रसूतीच्या वेळेचा नव्हे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

तात्पर्य, शय्या निष्फळ ठरली म्हणून डोईवरचें ओझें उतरविणेंही निष्फळ, असा निष्कर्ष काढणें न्यायाचें होणार नाहीं. गर्भिणीनें कसें वागावें हें तिची प्रकृति पाहून वैद्यानें सांगावें. पण पोटासाठीं तिला राबावें लागूं नये, ही जबाबदारी वैद्याची नसून समाजाची आहे. मुंबईच्या गिरणींतील स्त्रीस 1929 सालीं जें मिळालें, त्याचा अंशमात्र सास्तूरच्या शेतापर्यंत यावयास सुमारें नव्वद वर्षें लागलीं, एवढें नमूद करून हें टांचण पुरें करितों.