पाडायचं तर आधी बसवा

१२ सप्टेंबर १९३२. जर्मनीच्या संसदेत, राइशटागमध्ये, चान्सेलर फॉन पापेन संसद बरखास्तीच्या आदेशाची लाल फाईल घेऊन बोलायची परवानगी मागत होते आणि अध्यक्षपदावरचा नाझी नेता गोरिंग मुद्दाम दुसरीकडे बघत होता. शेवटी फाईल त्याच्या टेबलावर ठेवून पापेन निघून गेले. मतदान झालंच: सरकारविरुद्ध ५१२, बाजूने ४२. ठराव कम्युनिस्टांचा, मतं नाझींचीही. रस्त्यावर एकमेकांची डोकी फोडणारे हे दोघे सरकार पाडायला एक झाले. नवं सरकार मात्र त्यांना मिळून बनवता येणार नव्हतं.

या अस्थिरतेचा दोष प्रमाणशीर मतदानाच्या माथी मारला गेला. तिथे साठ हजार मतांमागे एक जागा मिळे, त्यामुळे चिल्लर पक्षांचाही शिरकाव होई. हिटलर येण्याआधीच्या चौदा वर्षांत वीसेक मंत्रिमंडळं झाली. (त्यातली बहुतेक आघाडीतल्या भांडणांनी गेली, अविश्वासाच्या ठरावाने नव्हे, हे सहसा कुणी सांगत नाही.)

त्याच वर्षअखेरीस अर्न्स्ट फ्रेंकेल या कायदेतज्ज्ञाने लिहिलं: संसदेने अविश्वास जरूर दाखवावा, पण पर्यायी नाव सुचवलं तरच सरकारने जावं. महिन्याभरात हिटलर चान्सेलर झाला आणि सूचना बासनात गेली. युद्धानंतर, १९४६ मध्ये, व्युर्टेंबर्ग-बाडेन राज्याच्या घटनेत ही तरतूद आली आणि १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या मूलभूत कायद्यात कलम ६७ म्हणून बसली. उत्तराधिकारी बहुमताने निवडा, मगच जुना जाईल. ठराव आणि मतदान यांत ४८ तासांचं अंतर. प्रमाणशीर पद्धत मात्र राहिली. चिल्लर पक्षांना रोखणारी पाच टक्के मतांची अटही त्याच काळातली.

पहिली कसोटी २७ एप्रिल १९७२ ची. चान्सेलर ब्रांट यांच्याविरुद्ध विरोधी नेते बार्झेल यांना हवी होती २४९ मतं, पडली २४७. पूर्व जर्मनीच्या गुप्तहेरांनी मतं विकत घेतल्याचं पुढे उघड झालं. ब्रांट वाचले खरे, पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्या खात्याचा अर्थसंकल्प २४७–२४७ अशा बरोबरीत फेटाळला गेला. कलम खुर्ची वाचवतं, कारभाराला लागणारं बहुमत कुठून आणणार? नोव्हेंबरमध्ये मुदतपूर्व निवडणूक घ्यावीच लागली.

१९८२ मध्ये चान्सेलर श्मिट यांना हटवून कोल २५६ मतांनी आले. जर्मनीच्या केंद्रात ठराव यशस्वी झाला तो एवढाच. स्पेनने उत्तराधिकाऱ्याची हीच अट १९७८ च्या घटनेत घातली. तिथे पंतप्रधान राहॉय यांना घालवायला २०१८ साल उजाडावं लागलं. १८० मतांनी आलेल्या सांचेझ यांच्या स्वतःच्या पक्षाचे खासदार होते जेमतेम ८४.