दशलक्षात पंधरा

जहाजाच्या पोटातील अगदी तळच्या खणात, जिथे दिवसाचा उजेड कधी पोहोचत नाही, तिथे बाहेरून झिरपलेले समुद्राचे पाणी, नळांच्या सांध्यांतून ठिबकलेले इंधन, यंत्रांवरून ओघळलेले वंगण आणि इंजिनखोली धुताना वापरलेला साबण एकत्र होऊन जे काळे, उग्र दर्पाचे पाणी साचते, त्याला दर्यावर्दी मंडळी 'बिल्ज'चे पाणी म्हणतात. आणि ते उपसून समुद्रात टाकणे हा नौकानयनाइतकाच पुरातन व्यवहार होय. शिडांच्या काळात त्यात कोणाला दोष दिसला नाही. मुंबई बंदरातून भरती झालेले आपले आगवाले आगबोटींच्या भट्ट्यांत कोळसा लोटीत होते, तेव्हाही त्या पाण्यात भुकटी आणि राखच अधिक असे. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बॉयलर तेलावर चालू लागले, आणि काही वर्षांतच इंग्लंडच्या किनाऱ्यावर पंख तेलाने जड झालेले समुद्रपक्षी मरून पडू लागले.

ब्रिटनने १९२२ साली कायदा केला खरा, परंतु त्याचा अंमल स्वतःच्या जलसीमेपुरता. त्या रेषेपलीकडे जाऊन पंप सुरू करणाऱ्यास तो काय अडवणार? १९२६ साली वॉशिंग्टनला जमलेल्या परिषदेने दशलक्ष भागांत ५०० भाग तेल अशी मर्यादा मसुद्यात घातली, पण त्या मसुद्यावर शिक्कामोर्तब कधी झालेच नाही.

१९५४ च्या लंडन कराराने हा आकडा १०० वर आणला. समुद्राचा पृष्ठभाग मलिन करणारे मिश्रण किनाऱ्यालगतच्या निषिद्ध पट्ट्यात टाकू नये, असा त्याचा हुकूम. आणि शंभराहून कमी तेल असलेले मिश्रण पृष्ठभाग मलिन करीतच नाही, असे कायद्याने गृहीत धरावयाचे! तथापि याच करारातील एका कलमाविषयी मला मनःपूर्वक आदर वाटतो: विभाजकातून गाळल्यावाचून ज्या बिल्जचे पाणी समुद्रात सोडले जाते, त्यात इंधनतेल उतरूच नये अशी जहाजाची व्यवस्था असावी, असे त्याने फर्मावले. तेलपाण्याचा विभाजक प्रथमच आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दप्तरात दाखल झाला, आणि त्याच्यासोबत तेलाच्या नोंदवहीची सक्तीही आली.

१९६७ साली 'टॉरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज फुटल्यावर जग खडबडून जागे झाले. १९७३ च्या 'मारपोल' करारात दूर समुद्रासाठी १००, तर भूमध्य समुद्रासारख्या कोंडलेल्या जलाशयांसाठी १५, असे दोन आकडे शेजारी नांदले; १९९२ च्या दुरुस्तीने शंभर गेला आणि सर्वत्र पंधराच उरला. हजार लिटर पाण्यात १५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे तेल, एवढीच मुभा.

एवढ्या सूक्ष्मतेस यंत्र कसे पोहोचले, हे पाहण्यासारखे आहे. तेल पाण्याहून हलके असल्याने आपोआप वर येते, हाच विभाजकाचा सारा आधार. परंतु थेंब दहापट लहान झाला की त्याचा वर चढण्याचा वेग शंभरपट मंदावतो. म्हणून थेंबांनी एकमेकांस बिलगून मोठे व्हावे यासाठी आत तिरक्या पत्र्यांची रास मांडतात, आणि पाणी घुसळले जाऊ नये म्हणून पंप संथ ठेवतात. साबण मात्र तेल पाण्यात असे विरवून टाकतो की जुनी यंत्रे हतबल होत. यास्तव १ जानेवारी २००५ पासून बांधणीस घेतलेल्या जहाजांवरील विभाजकांची कसोटी अशा दुधाळ मिश्रणावरही घेतली जाऊ लागली.

आणि तरीही विभाजकाला वळसा घालून बिल्ज थेट समुद्रात सोडणारी एक चोरनळी काही इंजिनखोल्यांत रात्रीतून जोडली जाते, सकाळी काढली जाते, आणि नोंदवही निष्कलंक राहते. २०१३ साली 'कॅरिबियन प्रिन्सेस' या प्रवासी जहाजावर नव्याने रुजू झालेल्या एका इंजिनिअरच्या दृष्टीस ती पडली. साउदम्प्टनला जहाज लागताच त्याने नोकरी सोडली आणि तेथील अधिकाऱ्यांना वर्दी दिली. तीन वर्षांनी मालक कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून चार कोटी डॉलरांचा दंड पत्करला.