शैलीजोडणी (टंक)

शैलीजोडणी म्हणजे एकाच टंककुटुंबातील सरळ, तिरपा, ठळक आणि ठळक-तिरपा या टंकांचे परस्परांशी असलेले नाते त्यांच्या संचिकांमध्ये नोंदवण्याची पद्धत होय. या नोंदींमुळे ‘तिरपे’ ही कळ दाबताच संगणक त्याच कुटुंबातील तिरपा टंक निवडतो.

पार्श्वभूमी

व्हेनिसचे मुद्रक आल्डस मानुटियस यांनी इ.स. १५०१ मध्ये फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी कोरलेल्या तिरप्या वळणात व्हर्जिलचे काव्य छापले. जलद हस्ताक्षरावर बेतलेले हे वळण आरंभी स्वतंत्र होते. सरळ अक्षरांचे सहचर म्हणून ते पुढे रूढ झाले.

कार्यपद्धती

ओपनटाइप टंकाच्या नामसारणीत क्रमांक १ वर कुटुंबनाम, तर क्रमांक २ वर शैलीनाम असते. जोडावयाच्या टंकांचे कुटुंबनाम तंतोतंत एकच असावे लागते. शिवाय तिरप्या टंकात तिरपेपणाची खूणही नोंदवावी लागते. एका गटात चारच शैली मावतात. त्याहून मोठ्या कुटुंबाचे सामाईक नाव व शैलीनाम क्रमांक १६ आणि १७ वर देतात. पॉपिन्स या देवनागरी-रोमन कुटुंबात ९ जाडींचे सरळ व तिरपे असे १८ टंक आहेत.

कृत्रिम तिरपेपणा

जोडणी चुकल्यास किंवा तिरपा टंकच नसल्यास अनेक प्रणाली सरळ अक्षर केवळ झुकवून दाखवतात. खऱ्या तिरप्या टंकात मात्र अक्षराची घडणही बदलू शकते. रोमन लिपीतील लघुलिपीतला ‘ए’ हे त्याचे परिचित उदाहरण होय.

देवनागरीतील स्थिती

देवनागरी मुद्रणात सरळ अक्षरांना पूरक अशा तिरप्या वळणाची जुनी परंपरा नाही. मराठीच्या जलद लेखनासाठी मोडी वापरली जात असे. परंतु ती स्वतंत्र लिपी आहे. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेल्या मंगल टंकाला तिरपी जोड नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेच्या मुक्त कुटुंबात ७ जाडी आहेत, तिरपा टंक नाही. अशा टंकांत पडद्यावर दिसणारा तिरपेपणा कृत्रिम असतो. तो मजकूर कृत्रिम झुकाव न देणाऱ्या मांडणीप्रणालीत नेल्यास तिरपेपणा नाहीसा होतो आणि ग्रंथनाम व भोवतालचे वाक्य यांतील भेद पुसला जातो. त्यामुळे मराठीत ग्रंथनामासाठी एकेरी अवतरणचिन्ह आणि भर देण्यासाठी ठळक टंक ही साधने अधिक भरवशाची ठरतात.

हे सुद्धा पहा

देवनागरी
मोडी लिपी
मुद्रणकला