थ्रेड : देवासचा मराठी दरबार आणि एका कादंबरीतले मौन

१/ १९२१ साली माळव्यातील 'देवास थोरली पाती' या मराठी संस्थानात एक इंग्रज गृहस्थ महाराजांचे खासगी सचिव म्हणून रुजू झाले. नाव ई. एम. फॉर्स्टर, वय ४२. सोबत एका अपुऱ्या कादंबरीची प्रकरणे होती. तिच्या मुळाशी होते एक एकतर्फी प्रेम.

२/ १९०६ मध्ये फॉर्स्टर इंग्लंडात सय्यद रॉस मसूद यांना लॅटिन शिकवू लागले. मसूद हे सर सय्यद अहमद खान यांचे नातू. फॉर्स्टर त्यांच्या प्रेमात पडले आणि १९१० च्या अखेरीस त्यांनी ते बोलूनही दाखवले. मसूद यांच्या मनात तशी भावना नव्हती. पण मैत्री त्यांनी तोडली नाही.

३/ हे बोलणे धोक्याचे होते. इंग्लंडच्या १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधील शरीरसंबंध, खासगीतलेसुद्धा, गुन्हा ठरवले होते. त्याच कायद्याने १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड तुरुंगात गेले. हिंदुस्थानात १८६० च्या दंड संहितेचे कलम ३७७ होते. समुद्र ओलांडला तरी भय सुटत नव्हते.

४/ २२ ऑक्टोबर १९१२. फॉर्स्टर प्रथमच मुंबई बंदरात उतरले, ते प्रामुख्याने मसूद यांच्या ओढीने. त्याच वर्षी नाताळात त्यांनी देवास पाहिले. जानेवारी १९१३ मध्ये बांकीपूरला मसूद यांचा निरोप घेतला आणि लगोलग बराबरच्या लेण्या पाहिल्या. कादंबरीत त्याच 'मराबार' झाल्या.

५/ परतल्यावर दोन लेखनांना आरंभ झाला. एक हिंदुस्थानविषयीचे, ते मध्येच अडले. दुसरे 'मॉरिस' : दोन पुरुषांच्या प्रेमाची, सुखान्त कथा. ती १९१४ मध्ये पूर्ण झाली, पण छापली गेली १९७१ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर.

६/ आता पुन्हा देवास. महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) हे राजर्षी शाहूंचे जावई. तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव फॉर्स्टर यांनी जवळून पाहिला. कादंबरीच्या अखेरच्या भागात तोच उत्सव आहे आणि त्यात नाव दुमदुमते तुकारामांचे!

७/ देवासमध्येच दरबारातील एका न्हाव्याशी फॉर्स्टर यांचा संबंध आला. महाराजांना ते कळले; त्यांनी तिरस्कार केला नाही. मात्र एक पुरुष साहेब होता, दुसरा चाकर. या संबंधात सत्ता कोणाच्या हाती होती, हे विसरून चालणार नाही.

८/ १९२४ मध्ये 'ए पॅसेज टू इंडिया' प्रसिद्ध झाली. अर्पणपत्रिकेत मसूद आणि त्यांच्याशी असलेला सतरा वर्षांचा स्नेह. हे आत्मचरित्र नव्हे. पण फील्डिंग आणि अझीझ यांच्या मैत्रीत, शेवटी फुटणाऱ्या त्यांच्या वाटांत, ती जुनी ओढ जाणवते. साम्राज्य आड येते, असे कादंबरी सांगते. आणखी काय आड आले होते, हे ती सांगू शकत नव्हती.

९/ 'द हिल ऑफ देवी' (१९५३) हे देवासच्या पत्रांचे पुस्तक मी प्रथम घाटकोपर-सीएसएमटी लोकलमध्ये वाचले. मोकळे, प्रसन्न वाटले. काही गाळले असेल, अशी शंकाही आली नाही. न्हाव्याविषयीची आठवण १९८३ मध्ये छापली गेली, तेव्हा लेखकाला जाऊन तेरा वर्षे झाली होती.

१०/ इंग्लंडात कायदा बदलला १९६७ मध्ये. तेव्हा फॉर्स्टर ८८ वर्षांचे होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

११/ साधनात उल्लेख नाही म्हणजे घटना नाही, असे मानण्याची घाई आपण करतो. येथे तर मौनाचेही दोन प्रकार दिसतात. लेखकाचे मौन कायद्याच्या भयाचे. ते पुढे कागदावर उलगडले. न्हाव्याचे मौन मात्र तसेच राहिले, कारण त्याची बाजू कोणी लिहूनच घेतली नाही. दप्तर वाचताना दोन्ही ध्यानात असू द्यावीत.

(समाप्त)